हिवाळ्यात भिजत घातलेली ज्वारी

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नाही, आणि मी गेलो तो सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला, म्हणजे जे डोळ्यांना दिसत नाही त्याच्या मागे. सातवीपर्यंत मराठी शाळेत होतो, पुढे सगळं गुजरातीत झालं. माझ्या वाक्यात कुठे गुजराती वळण आलं तर समजून घ्यावं. मात्र खरी माफी ज्यांची मागायला हवी त्यांना मराठी वाचता येत नाही. म्हणजे ही माफीसुद्धा मी सोयीच्या भाषेत मागतोय. तेवढं कबूल करून पुढे लिहितो.

आम्ही सुरतेत, उधन्यात राहतो. वडील सांच्यांवर आहेत, म्हणजे पॉवरलूमवर. तीस वर्षं त्या आवाजात काढल्यामुळे त्यांना डाव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही. त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला बसावं लागतं. आईला आम्ही माय म्हणतो. ती घरी साड्यांना टिकल्या लावते आणि उन्हाळ्यात बिबडे करते. आमच्या सोसायटीत बहुतेक सगळे खानदेशातले. मे महिन्यात गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते, जिकडे तिकडे ओल्या धोतरांवर बिबडे वाळत घातलेले असतात.

ज्यांना बिबडे ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. ज्वारी भरडून पाण्यात भिजत घालायची, तीन दिवस आंबवायची, मग धुऊन दळायची, तिखट-मीठ-लसूण-तीळ घालून मोठ्या पातेल्यात हाटायची आणि गरम गरम थापायची. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं की असा आंबूस वास येतो की शेजारच्या गुजराती मावशी खिडकी लावून घेतात. लहानपणी मला त्या वासाची लाज वाटायची. माझ्या शाळेच्या शर्टाला तो लागलाय असं वाटायचं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी त्याच वासानं मला अभिमान दिला. आम्हाला तेव्हा यीस्ट शिकवत होते. यीस्ट म्हणजे एका पेशीची बुरशी. हवा असेल तर ती साखर पूर्ण जाळते आणि भरपूर वाढते. हवा नसेल तर अर्धवट जाळते, आणि त्यातून दारू आणि वायू तयार होतो. पाव फुगतो तो त्याच वायूनं. मॅडमनी वर्गात विचारलं, तुमच्या घरी काय काय आंबवतात? सगळ्यांनी ढोकळा, हांडवो, दही सांगितलं. मी हात वर केला नाही. तास संपल्यावर मात्र प्रयोगशाळेच्या दाराशी जाऊन हळूच म्हणालो, "मॅडम, बिबडे."

मॅडमना शब्द माहीत नव्हता. मी समजावून सांगितलं. त्या गुजरातीत म्हणाल्या, "यावर कुणी काम केलेलं मला तरी माहीत नाही. घेऊन ये पाणी." (त्या गुजरातीच बोलायच्या. मी इथे मराठीत लिहितोय.)

मे महिन्यात मायनं ज्वारी भिजत घातली, तेव्हा तिसऱ्या दिवशी मी बाटलीभर पाणी घेऊन बसनं कॉलेजात गेलो. बाटलीचं बूच सारखं वायूनं उडत होतं. कंडक्टर म्हणाला, "शुं छे आमां, ताडी?" सगळी बस हसली. मीही हसलो, पण बाटली छातीशी धरून ठेवली.

इथे प्रयोगशाळेतल्या काकांबद्दल सांगायला हवं.

काका आमच्या विभागात मदतनीस होते. काचेच्या नळ्या धुणं, खाद्य शिजवणं (जंतूंचं खाद्यही शिजवावंच लागतं), वाफेच्या मोठ्या भांड्यात सगळं निर्जंतुक करणं ही त्यांची कामं. ते ठेकेदाराच्या मार्फत होते, कायम नव्हते. ओलपाडकडचे. प्रत्येक विद्यार्थ्याला "दीकरा", म्हणजे बेटा, म्हणायचे. पहिल्या वर्षी माझ्या नळीचं कापसाचं बूच नेहमी सैल व्हायचं, आणि मुलं म्हणायची, "याच्या बापाला सांग, सांच्यावर विणून देईल." तेव्हा काकांनी मला खिडकीपाशी नेऊन कापूस कसा दुमडायचा ते दाखवलं होतं. पाच-सहा वेळा. घाई न करता. आजही माझं बूच बघून लोक विचारतात, कुठे शिकलास.

त्या मे महिन्यात बिबड्यांच्या पाण्यातून मी एक यीस्ट वेगळं केलं. प्लेटवर त्याची वसाहत सुरकुतलेली, फिकट, हळू वाढणारी होती. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी लांबट होत्या आणि एकमेकींना धरून माळेसारख्या राहत होत्या. यीस्ट ओळखायची जुनी पद्धत अशी की त्याला वेगवेगळ्या साखरा खायला द्यायच्या आणि कोणती खाऊन वायू करतं ते बघायचं. नळीत एक छोटी नळी उलटी टाकलेली असते, वायू झाला की तिच्यात बुडबुडा धरतो. माझ्या यीस्टनं ग्लुकोजमध्ये बुडबुडा धरला. माल्टोजमध्ये मात्र काहीच नाही. पाच दिवस थांबलो, तरी नाही. मी वहीत लिहिलं: माल्टोज, नकार.

मॅडमनी पुस्तकातले तक्ते काढले, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "कशाशीच नीट जुळत नाही." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आनंदानं.

पण त्या पुढे म्हणाल्या, "एकदा मिळालं ते योगायोगानंही असेल. पुन्हा नव्या पाण्यातून काढ. तेच पुन्हा मिळालं तर आपण त्याचा डीएनए वाचायला बाहेर पाठवू." तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस विभागातून एका विद्यार्थ्याचं नाव मोठ्या संशोधन संस्थेत उन्हाळ्याचे दोन महिने शिकायला पाठवायचे. एकच नाव. मॅडमनी स्पष्ट सांगितलं नाही, पण माझ्याकडे बघून म्हणाल्या, "फेब्रुवारीपर्यंत अहवाल हातात हवा." मला समजलं.

जीवांच्या शास्त्रीय नावात आडनाव आधी येतं आणि नाव नंतर, आमच्या कॉलेजच्या हजेरीपटासारखं. माझ्या यीस्टचं आडनाव काय असेल, याचा मी बसमध्ये, जेवताना, वडिलांच्या उजव्या बाजूला बसून विचार करायचो. कुणाचं असेल ते? कुणाच्या घराण्यात बसेल? हजेरीला माझं आडनाव घेताना प्राध्यापक दर वर्षी अडखळतात. त्या न दिसणाऱ्या जीवाला तरी नीट नाव मिळावं, असं काहीतरी माझ्या मनात होतं. लिहिताना हे बालिश वाटतंय.

मग माझी पहिली चूक झाली. काढलेलं यीस्ट नळीतल्या तिरप्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या गोठवलेल्या खाद्यावर, ठेवतात, आणि काही महिन्यांनी नव्या नळीत उतरवावं लागतं, नाहीतर अगार वाळतो. मी परीक्षेच्या नादात राहिलो. डिसेंबरात फ्रिजमधली नळी काढली तर अगार सुकून काचेला चिकटलेला, वर हिरवी बुरशी. माझं यीस्ट गेलं होतं. एकच नळी ठेवली होती मी. दुसरी ठेवायचं सुचलं नाही. खरं तर काकांनी सांगितलं होतं, "बे राख, दीकरा." दोन ठेव. मी म्हटलं होतं, हो हो.

घरी येऊन मायला म्हणालो, "माय, ज्वारी भिजत घाल. या आठवड्यात पाणी पाहिजे."

ती टिकल्या लावत होती. सुई तशीच वर धरून म्हणाली, "येडा व्हयना का तू? हिवाळामां बिबडा कोनी करस का?"

आमच्याकडे बिबडे उन्हाळ्यातच होतात. ऊन लागतं म्हणून, आणि थंडीत ज्वारी आंबत नाही म्हणून. शिवाय बायकांत एक समजूत आहे. जिच्या हातची ज्वारी आंबत नाही, तिच्या हातालाच नावं ठेवतात. भरल्या घरात असं झालं तर बाई ते पाणी लपून ओतते आणि कुणाला सांगत नाही. हे मला ठाऊक होतं. लहानपणापासून ऐकलेलं. तरी मी म्हणालो, "बिबडे नको करू. मला फक्त पाणी हवंय. माझ्या पुढच्या शिक्षणाचा प्रश्न आहे."

शिक्षणाचं नाव काढलं की माय गप्प होते. तिनं ज्वारी भिजत घातली. पातेलं गोधडीत गुंडाळून गॅसच्या शेगडीजवळ ठेवलं. मी रोज विचारायचो, "आंबली का?" ती म्हणायची, "आंबी, आंबी. घाई करू नको." चौथ्या दिवशी सकाळी तिनं स्वतःच झाकण काढून दाखवलं. वर जाडसर फेस होता. ती हसत नव्हती, पण सुटल्यासारखी दिसत होती. मला वाटलं, माझं काम झालं म्हणून.

त्या पाण्यातून यीस्ट पटकन आलं. फार पटकन. दुसऱ्या दिवशी प्लेट भरून गेली. वसाहती गुळगुळीत, गोल, दुधाळ. पेशी गोल आणि सुट्या. माल्टोजमध्ये एका रात्रीत भला मोठा बुडबुडा.

मला दिसत होतं. हे मी लिहिलंच पाहिजे. ते माझं यीस्ट नव्हतं हे मला दिसत होतं, पण फेब्रुवारी तोंडावर आला होता. मॅडमनी विचारलं, "आधीचं माल्टोज खात नव्हतं ना?" मी म्हणालो, "मॅडम, मी तेव्हा नवखा होतो, बघण्यात चूक झाली असेल." पाच दिवस थांबून बघितलेली गोष्ट मी स्वतःच्या तोंडानं खोटी ठरवली. मॅडमनी वहीतलं जुनं पान पुन्हा एकदा बघितलं आणि त्या म्हणाल्या, "ठीक आहे, पाठवू."

काका तेव्हा बाजूच्या टेबलावर नळ्या धुत होते. मी पाठवायची नळी बंद करत होतो, तर त्यांनी ती हातात घेतली, बूच किंचित काढून नाकाजवळ नेली आणि म्हणाले, "दीकरा, आ तो पाउंनी वास आवे छे."

याला पावाचा वास येतोय.

मी त्यांच्या हातातून नळी घेतली. "काका, बूच उघडू नका," एवढंच म्हणालो. ते "भले" म्हणून नळ्या धुवायला लागले.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. डीएनएच्या चार अक्षरांची लांबच लांब ओळ होती, आणि खाली ती कशाशी जुळते ते. बेकरीचं यीस्ट. पावात घालतात ते. बाजारात पाकिटात मिळतं ते.

मॅडम रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "पहिल्या वर्षाच्या मुलांच्या प्रात्यक्षिकाला आपण हेच वापरतो. कुठेतरी मिसळलं." मग म्हणाल्या, "घरी काही घातलं होतं का? आईला विचारलंस?"

माझा चेहरा तापला. मला वाटलं, बाई म्हणतायत की या लोकांच्या घरात स्वच्छता नसते, काहीही कशातही मिसळतात. त्या तसं म्हणत नव्हत्या. आता कळतं. तेव्हा मी ताठ होऊन म्हणालो, "मॅडम, आमच्याकडे तीन पिढ्या बिबडे करतात. ज्वारी आणि पाणी. दुसरं काही पडत नाही त्यात."

मी घरी विचारलंच नाही. विचारणं हाच मायचा अपमान वाटला मला.

मग राहिलं कोण? पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी बेकरीचं यीस्ट कोण पाण्यात कालवतं? काका. माझ्या नळ्या कोण धुतं, माझं खाद्य कोण शिजवतं? काका. आणि अहवाल येण्याआधीच पावाचा वास कुणाला आला? मला ते एकदम उजेड पडल्यासारखं वाटलं. त्यांना माहीत होतं, म्हणून तर ते बोलले. वर्गातल्या एका मित्राला सांगितलं, त्यानंही मान डोलावली. तो म्हणाला, "अरे, म्हातारा रोज दुपारी डुलक्या घेतो. लिहून दे."

मी लिहून दिलं. विभागप्रमुखांच्या नावे एक पान, स्वच्छ गुजरातीत. "निष्काळजीपणा" हा शब्द मी दोनदा वापरला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या लिहिण्यावर कुणीतरी काहीतरी केलं. मे अखेरीस ठेकेदाराचा करार नवा झाला, त्यात काकांचं नाव नव्हतं. संशोधन संस्थेत जायचं नाव वर्गातल्या एका मुलीचं गेलं. तिचा विषय दह्याचे जिवाणू होता. ती चांगली मुलगी आहे, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

शेवटच्या दिवशी काका कपाट रिकामं करत होते. एक डबा, एक जुना एप्रन, चष्म्याची केस. मी दारातून मागे फिरणार होतो, पण त्यांनी बघितलं. ते ओरडले नाहीत. कापसाचा उरलेला गठ्ठा टेबलावर नीट ठेवून म्हणाले, "एक वार पूछवुं तो हतुं, दीकरा."

एकदा विचारायचं तरी होतंस.

मी म्हणालो, "काका, तुम्हाला वास आला होता ना? मग तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी चष्म्याची केस खिशात टाकली. मग म्हणाले, त्यांचा भाऊ नवसारीत बेकरीत होता, लहानपणी ते तिथे पीठ मळायचे, तो वास त्यांना झोपेतही कळतो. मी ते बहाणा समजलो. नंतर कुणाकडून तरी ऐकलं की ते कडोदऱ्याला एका सुताच्या गोदामाच्या गेटवर बसतात. बारा तास. मला तेव्हा वाईट वाटलं, पण चुकीची शिक्षा म्हणून नव्हे. एवढंच वाटलं की म्हाताऱ्या माणसाला फार झालं.

मी त्याच कॉलेजात एमएस्सी करतोय. पुढच्या अभ्यासात एक गोष्ट शिकलो. बेकरीचं यीस्ट भरपूर साखर मिळाली की हवा असूनही दारूच करायला लागतं. साखर पूर्ण जाळली तर त्याला जास्त ताकद मिळेल, पण ते तसं करत नाही. आधी सगळं पटापट ओरबाडतं, दारूनं बाकीच्यांना मारतं, आणि मैदान मोकळं झालं की सावकाश तीच दारू खातं. संथ, लांबट, माळेनं राहणारं यीस्ट त्याच्यापुढे टिकत नाही. वर्गात हे शिकताना मुलं म्हणाली, वा, काय हुशार आहे. मी वहीत तेवढंच लिहून घेतलं.

त्यानंतर दोन उन्हाळे मी मायच्या बिबड्यांचं पाणी घेतलंच नाही. तिनं एकदा विचारलं, "तुनं ते यीस्ट काय व्हयनं?" मी म्हणालो, "मेलं." ती टिकल्या लावत राहिली.

परवा सकाळी गच्चीवर मी धोतराच्या कडांवर विटा ठेवत होतो. वारा होता. शेजारच्या खोलीतली नवी सून रडवेली होऊन मायपाशी आली. साक्रीकडची, लग्नाला वर्षही झालं नाही. तिनं पहिल्यांदाच ज्वारी भिजत घातली होती, आणि तीन दिवस झाले तरी फेस नाही, वास नाही. सासू गावाहून दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होती.

मायनं इकडेतिकडे बघितलं. मी विटा लावतोय हे तिला दिसत होतं, पण मी तिला परका थोडाच. तिनं सुनेला जवळ ओढलं आणि आवाज खाली केला. मायचा खाली केलेला आवाजही सांच्यांच्या घरातला आवाज, गच्चीभर ऐकू येतो.

"रडू नको वो बाई. नाक्यावरना बेकरीवाला शे ना, त्याकडथून चिमूटभर खमीर मागी ली ये. रातले टाकी दे, सकाय फेस. कोनलेच समजत नही. मी करेल शे ना. हाऊ शिके ना कॉलेजमां, तवय हिवाळामां त्याले पानी पाहिजे व्हतं. तीन दिन व्हयनात, काहीच नही. मंग मी काय करू? पोऱ्यानं शिक्षन अडी जाई ना." ती हसली, आणि पदरानं तोंड झाकून पुढे म्हणाली, "आजलोंग त्याले सांगेल नही मी. त्याले वाटी, मन्ही मायनी ज्वारी आंबनी नही."